सरकारी पायांनी तुडवलेला वाफा

ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही, आणि मला त्याची फिकीरही नाही. इंग्रज सरकारच्या आठ शिपायांनी बूट काढून, पायांच्या पट्ट्या सोडून, दोन दिवस माझ्यासाठी मिठाचा वाफा तुडवला. कायदा मोडणारा मी, आणि त्यासाठी लागणारे पाय सरकारचे.

"गेल्या वेळी शिपाई सहा होते," बाळाराम तांडेल म्हणाला.

"गेल्या वेळी ऐकणारा तू एकटा होतास. तेवढ्याला सहा पुरले."

परवाचीच गोष्ट. ओहोटीनं बाळारामची लाँच धक्क्याशी चिखलात बसली होती आणि पाणी चढायला दोन तास होते. धक्क्यावर आम्ही तिघं. मी, खाडीपलीकडचा बाळाराम आणि आमच्या शाळेत नव्यानं आलेल्या तावडेबाई. बाई पहिल्याच सुट्टीला मुंबईस घरी चालल्या होत्या. गावातल्या माणसाला मी ही गोष्ट सांगत नाही. त्यांना ती माझ्यापेक्षा चांगली येते. मला माणूस नवा लागतो, आणि त्याची बोट चुकलेली असली तर फारच उत्तम.

"आजोबा, म्हणजे तुम्ही स्वातंत्र्यसैनिक?" बाईंनी पिशवी मांडीवर घेत विचारलं.

"मी मिठातला माणूस. बाकीचं तुम्ही ऐकून ठरवा."

आणि मी सुरू केलं.

साल तीस, एप्रिल महिना. तिकडे गुजरातच्या किनाऱ्यावर मीठ उचललं गेलं आणि इकडे प्रत्येक खाडीकाठी कुणी ना कुणी मडकं घेऊन बसला. आमच्या धाकट्या खारवलीच्या वाट्याला फणसळकर मास्तर आले. शिडशिडीत माणूस, डोक्यावर टोपी, नाकावर चष्मा, बरोबर अकरा स्वयंसेवक. त्यात एक वकिलाचा कारकून, एक पेटी वाजवणारा, दोघं कॉलेजातले. समुद्र सगळ्यांनी चौपाटीवर भेळ खाताना पाहिलेला. आल्या दिवशी मास्तरांनी देवळासमोर उभं राहून सांगितलं की सरकारी परवान्याशिवाय केलेलं मीठ पोटात जाईपर्यंत मी अळणी जेवणार. गाव हसलं. मिठागरातल्या गावात येऊन मीठ सोडणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

रोज सकाळी खाडीचं पाणी मडक्यात भरायचं, खाली जाळ करायचा आणि गाणी म्हणत ते आटवायचं. संध्याकाळी मडक्याच्या तळाशी करडी पूड उरायची. ती पुडीत बांधून मास्तर दारोदार जायचे. "बाई, हे आपलं मीठ. चिमूटभर तरी आमटीत घाला."

बायका जिभेवर ठेवायच्या आणि अंगणात थुंकायच्या. "मास्तर, या मिठानी माज्या निवटीचा कालवन नासंल."

एकदा त्या अकरा जणांनी अभिमानानं ते मीठ स्वतःच्या आमटीत घातलं. दुसऱ्या दिवशी सत्याग्रह झाला नाही. अकराही जण टमरेलं घेऊन खाडीच्या बांधामागे फेऱ्या घालत होते.

तावडेबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "असं कसं झालं?"

"बाई, समुद्राच्या पाण्यात एकटं मीठ नसतं. मीठ धरलं की मागे जे पाणी राहतं ते कडूजहर असतं. आम्ही ते काढून टाकतो. मास्तर थेंबासकट आटवत होते. ते मीठ नव्हतं, वैद्याचं जुलाबाचं औषध होतं."

एकतीस दिवस झाले. मास्तरांचे गाल बसले, उठताना भिंत धरावी लागायची. त्यात वरून चिठ्ठी आली. येत्या शनिवारच्या बाजारापर्यंत खारवलीच्या एका तरी चुलीवर तुमचं मीठ गेलं नाही तर छावणी उठवा आणि परत या, जिथे लोक बरोबर येतात तिथे माणसं हवी आहेत. मास्तरांनी ती चिठ्ठी देवळासमोर मोठ्यांदा वाचून दाखवली. लपवणं त्यांना ठाऊकच नव्हतं. फौजदारालासुद्धा आदल्या संध्याकाळी सांगून यायचे, उद्या अमुक ठिकाणी कायदा मोडणार आहे, आपण यावं.

बुधवारी सकाळी मी त्यांच्यापाशी जाऊन उभा राहिलो. देशासाठी नाही, खोटं कशाला बोलू. वाईट मीठ बघवत नव्हतं.

"मास्तर, हे काय शिजवताय?"

"मीठ."

"मीठ शिजवायचं नसतं. धरायचं असतं. वाफा करा. पाणी पसरा. उन्हाला काम करू द्या."

मास्तरांनी पळी खाली ठेवली. एकतीस दिवसांत गावातलं कुणी त्यांच्याशी आपण होऊन बोललं नव्हतं. "शिकवाल?"

"शिकवीन. शेठच्या मिठागरात तापलेलं पाणी तयार आहे. चार डबे उचलून आणले की शनिवारपर्यंत मीठ."

"उचलून म्हणजे शेठला न विचारता?"

"शेठ मुंबईत आहे. कुणाला विचारणार?"

"मग नको," मास्तर म्हणाले. "चोरीच्या पाण्याचं मीठ मी लोकांच्या ताटात कसं वाढू?"

मी कपाळावर हात मारला. सरकारचा कायदा मोडायला निघालेला माणूस, आणि शेठच्या पाण्याला हात लावेना. पण खाजणात, उधाणाचं पाणी अडकून राहतं अशा खळग्यांत, पंधरा दिवस उन्हात तापलेलं पाणी होतं. कुणाच्याच मालकीचं नाही. ते मी दाखवलं. बोट बुडवून चाटलं तर जीभ आखडत होती. पाण्याची अडचण सुटली.

अडचण तळाची होती. बाई, वाफा म्हणजे नुसता चिखलाचा चौकोन नव्हे. त्याचा तळ पायांनी तुडवावा लागतो. वीसेक पायांनी एका ओळीत, खांद्याला खांदा लावून, आधी टाच मग चवडा, दोन दिवस. तेव्हा कुठे तो घट्ट होतो. नाहीतर पाणी चिखलात मुरतं आणि वर येतं ते काळं. दरसाल दिवाळीनंतर सगळं गाव हे करतं. बाया, बापे, म्हाताऱ्या, गाणी म्हणत. एकटा माणूस वाफा तुडवू शकत नाही, जसं एकट्याला लेझीम खेळता येत नाही.

आणि गाव येणार नव्हतं. शेठच्या मेहताजीनं घरोघर निरोप फिरवला होता. मास्तरांच्या चिखलात ज्याचा पाय दिसेल, त्याला पुढच्या हंगामात मिठागरात पाय ठेवू देणार नाही. आमच्याकडे दुसरं होतं काय? गोड्या पाण्याची विहीर नाही, भाताचं खाचर नाही. मीठ गेलं की चूल गेली.

तेव्हा बुधवारी दुपारी ते अकरा जण उतरले. बांध घातला, चांगला घातला. पण तुडवायला लागले आणि दहा मिनिटांत पेटीवाला पालथा, कारकुनाच्या तळव्यात शिंपलं, कॉलेजवाल्यांपैकी एकाचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला तो निघेना. वाटेनं जाणाऱ्या बायका बांधावर थांबून हसायला लागल्या. मास्तर स्वतः उतरले. चार पावलं टाकली आणि चक्कर येऊन खाली बसले.

"शनिवार तीन दिवसांवर आलाय," मी म्हणालो. "या पायांनी व्हायचं नाही."

"होईल," मास्तर म्हणाले. चिखलात बसलेला माणूस, चष्म्याच्या दोन्ही काचा चिखलानं भरलेल्या. "पाय येतील."

"कुठून?"

"ते मला माहीत नाही. पण येतील."

इथवर मी सांगितलं आणि धक्क्याच्या वरच्या अंगाला चपलांचा आवाज आला. बघतो तर गोमीबाय. सत्तरीची बाई, हातात छत्री, कमरेला पिशवी. तिलाही लाँच हवी होती, मुंबईत लेकीकडे जायचं होतं. आमच्यामागे खांबाला टेकून ती बसली आणि पान लावायला घेतलं. मला थोडं अवघडल्यासारखं झालं, कारण गोमीबाय गावातली. पण गोष्ट अशा ठिकाणी आली होती की थांबलो असतो तर तावडेबाईंनी मला पाण्यात ढकललं असतं.

"गोमीबायही होती तेव्हा," मी म्हणालो. "म्हात्र्यांची नवी सून. बांधावर उभी राहून बघत होती."

"बघत होते," गोमीबाय म्हणाली आणि पानाला चुना लावला.

तर गुरुवारी सकाळी फौजदार शितोळे आले. घाटावरचा माणूस, बदली होऊन आल्यावर पहिल्यांदा समुद्र पाहिलेला. बरोबर घडीची खुर्ची, छत्री आणि आठ शिपाई. बाळाराम, आठ. शिपाईही सगळे घाटावरचे. इथल्या माणसांना इथल्या लोकांवर पाठवायचं नाही एवढी अक्कल सरकारला होती. वरून ताकीद आलेली की डोकी फोडू नका, वर्तमानपत्रांत छापून येतं, मीठ तेवढं नासा.

"हे काय आहे?" फौजदारांनी वाफ्याकडे छत्री रोखली.

"वाफा, साहेब," मास्तर म्हणाले. "शनिवारी दुपारी यात आम्ही परवान्याशिवाय मीठ धरणार. आपल्या कानावर असावं."

"रोज सांगता, रोज मी तुमची दोन-चार मडकी फोडतो. कंटाळा नाही येत?"

"मडकी संपली. म्हणून तर वाफा."

फौजदारांना पेच पडला. मडकं फोडता येतं, चिखल कसा फोडायचा? त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि मी दिसलो. चेहरा मी असा केला होता की शेणाच्या पोवालाही माझी दया यावी.

"तू इथलाच?"

"जी."

"हा वाफा कायमचा नासवायचा तर काय करावं?"

"तुडवावा, साहेब."

"बस? तुडवला की झालं?"

"कसाही तुडवून नाही भागत. बूट चालत नाही, चिखल बुटाला लागून उचलून येतो. अनवाणी पाहिजे. एका ओळीत, खांद्याला खांदा. आधी टाच दाबायची, मग चवडा. या बांधापासून त्या बांधापर्यंत जायचं आणि तसंच मागे यायचं. वीतभर जागा सुटली तर तेवढ्यात मीठ धरेल बघा."

मागे गोमीबायला ठसका लागला. तिनं बरंच खाकरून घेतलं.

"आणि किती वेळ?" फौजदारांनी विचारलं.

"आज दिवसभर. उद्या दुपारपर्यंत. पुरा सत्यानाश हवा असेल तर."

"पुराच हवा आहे," फौजदार म्हणाले आणि खुर्ची मांडून बसले.

बाई, ते दृश्य तुम्ही बघायला हवं होतं. आठ जोडी बूट बांधावर ओळीनं. आठ जण चिखलात. जमादाराचं पोट पुढे, नजर आभाळाकडे. दुसऱ्याला गुदगुल्या व्हायच्या, तो दर पावलाला हसायचा आणि शिव्या खायचा. तिसरा लांब मानेचा, माणदेशातला, वीस-एकवीस वर्षांचा. पायांना भेगा, पण कोरड्या मातीच्या. खारट चिखल त्या भेगांत शिरला तशी त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. घरी आईनं सांगितलेलं, सरकारची नोकरी आहे, उन्हातान्हात राबावं लागणार नाही. दोन दिवस तो तळवे धरून बसायचा, खोबरेल चोळायचा.

"ते तुम्हाला काय ठाऊक?" बाळाराम म्हणाला. "तुम्ही काय चौकीवर त्याचे पाय चेपत होता?"

"गोष्ट सांगणाऱ्याला ठाऊक असावं लागतं."

दुपारपर्यंत त्यांना ताल सापडला. फौजदार खुर्चीतून मोजायला लागले, "टाच, चवडा. टाच, चवडा." बाजूनं जाणाऱ्या आमच्या बायका बांधावर थांबल्या. त्यांना एका नजरेत कळलं, काय चाललंय. कुणी हसलं नाही. सगळ्यांनी पदर तोंडात कोंबले होते. एक म्हातारी तर राहवेना म्हणून सांगायला लागली, "ओ शिपायदादा, तो कोपरा राहिला."

फौजदार म्हणाले, "बघा, गावसुद्धा आपल्या बाजूनं आहे."

आता सगळं व्यवस्थित चाललं होतं, पण मास्तर होते ना. संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "तळ तुडवण्यानं वाफा नासतो हे मला नव्हतं ठाऊक."

"नासत नाही मास्तर. होतो. तुमचे पाय आलेत. गप्प बसा."

मास्तर गप्प बसले असते तर ते फणसळकर मास्तर कसले. ते उठले. मी हात धरला. "कुठे?"

"त्यांना सांगायला."

"अहो, एकतीस दिवस अळणी खाल्लंत. शनिवारी उठून जावं लागेल."

"जाऊ. पण मी त्यांना रोज सगळं सांगत आलो. आजच का लपवू? सरकारला फसवून मिळवलेलं मला पुढे कुठे टिकताना दिसत नाही." आणि काठी टेकत गेले सरळ खुर्चीपाशी. "साहेब, आपण जे करवून घेताय त्यानं वाफा तयार होतोय. मीठ चांगलं धरेल. आपल्याला अंधारात ठेवणं मला योग्य वाटत नाही."

फौजदारांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग वाफ्याकडे. मग मोठ्यानं हसले. "वा मास्तर. तुडवण्यानं पोटात दुखायला लागलं म्हणून ही युक्ती? म्हणजे मी थांबवावं?" आणि ओरडले, "जमादार, उद्या सकाळी सातला पुन्हा. आणखी जोरात."

तावडेबाई इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. गोमीबायही हसत होती, खाली मान घालून. "मास्तर तसेच होते," ती पुटपुटली.

शुक्रवारी दुपारी बारापर्यंत तळ असा झाला की पितळी ताट उपडं घालावं. आमच्या गावानं इतका चांगला तळ कधी केला नाही, कारण आमच्यात गप्पा मारतात. फौजदारांनी एकदा बांधावरून फेरी मारली, "आता यात गवतसुद्धा उगवायचं नाही" म्हणाले आणि निघून गेले. आम्ही रॉकेलच्या डब्यांनी खळग्यातलं पाणी आणून सोडलं. बोटभर खोल, जास्त नाही.

शनिवारी बाजार. सकाळपासून सगळं गाव त्याच बांधावरून जात होतं, आणि कुणी पुढे जात नव्हतं. डोक्यावर पाट्या तशाच, पोरं कडेवर, सगळ्या उभ्या. दहा वाजता पाण्यावर साय आली, दुधावर येते तशी. अकरा वाजता ती फुटली, खाली बसली. बारा वाजता तळाशी पांढरं दिसायला लागलं. स्वच्छ, दाणेदार, काचेसारखं. मी कडेनं वाट फोडून कडू पाणी काढून दिलं.

बांधावरची एक बाई हळूच म्हणाली, "धरला गो बाय."

मास्तर वाफ्याच्या काठाशी उकिडवे बसून बघत राहिले, जसं कुणी पाळण्यात बघतं.

आणि तेवढ्यात फौजदार आले. तेही बाजारालाच निघाले असणार. बांधावरची गर्दी पाहून वळले, आणि वाफ्यापुढे उभे राहिले. त्यांचं तोंड मी अजून विसरलो नाही.

"हे कुठून आलं?"

"मी परवा सांगितलं होतं, साहेब," मास्तर म्हणाले.

बायका हसल्या. एकतीस दिवस मास्तरांना हसत होत्या, आता फौजदारांना हसल्या. तिथेच बिघडलं. फौजदारांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "उतरा आत," ते शिपायांना म्हणाले. "बूट घालून. एक दाणा पांढरा दिसता कामा नये."

आठजण उतरले. बुटांनी तळ उकरला, चिखल वर काढला, मीठ त्यात कालवलं. पाच मिनिटं लागली असतील. दोन दिवसांचा तळ, पंधरा दिवसांचं पाणी, मास्तरांचे एकतीस दिवस. मग मी उडी मारली आणि एका कोपऱ्यातलं उचललं. एक मूठ. सगळ्या खारवलीत पांढरं मीठ उरलं ते तेवढंच, मुठीत.

गोमीबाय पान चघळायची थांबली होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"मूठ उघड," फौजदार म्हणाले.

"नाही."

"ए, तू. उघड ती," त्यांनी तिसऱ्या शिपायाला सांगितलं. तोच लांब मानेचा. तो सगळ्यात जवळ होता म्हणून. त्यानं काठी काखेत धरली आणि बोटं सोडवायला लागला. एक सुटलं की दुसरं मिटायचं. अगदी जवळ तोंड आणून तो म्हणाला, "सोड की बाई. चिमूटभर मिठापायी कशाला?"

"बाई?" तावडेबाई म्हणाल्या.

"बाबा. सोड की बाबा, म्हणाला."

बाळाराम माझ्याकडे बघत राहिला. मी घाईनं पुढे गेलो.

"मार," फौजदार म्हणाले. "बोटांवर मार, उघडेल."

त्यानं मारलं. एकदा. बोटांच्या पेरांवर. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. मूठ खाली गेली, पुन्हा वर आली, आणि मिटलेलीच होती.

"पुन्हा," फौजदार म्हणाले.

मी थांबलो. बाळारामकडून तंबाखू मागून घेतली, तळहातावर घेतली. भरतीचं पाणी लाँचच्या बुडाला लागायला सुरुवात झाली होती.

"मग पुन्हा मारलं?" तावडेबाईंनी विचारलं.

"नाही. तेवढ्यात बायका उतरल्या ना. म्हात्र्यांची म्हातारी पहिली. गोमीबायची सासू. पाटी बांधावर ठेवली, लुगडं खोचलं आणि सरळ चिखलात. मुठीपुढे आपला हात पसरला आणि म्हणाली, घाल. मूठ उघडली. चिमूटभर तिच्या हातावर, ते तिनं पदराच्या टोकाला बांधलं. मग तिच्यामागे दुसरी. मग सगळ्याच. चाळीस-पन्नास बायका, गुडघाभर चिखलात. कुणाला चार दाणे, कुणाला दोन. मेहताजी लांबून नावं टिपत होता. मग त्यानं वही मिटली. सगळंच गाव चिखलात उतरल्यावर शेठ कुणाकुणाला काढणार, आणि काढलं तर मीठ काय स्वतः तुडवणार? फौजदारही खुर्ची तिथेच टाकून गेले. त्या दिवशी खारवलीच्या प्रत्येक चुलीवर ते मीठ गेलं. छावणी उठली नाही, पाऊस सुरू होईपर्यंत वाफे धरत होतो, आणि पुढचे वाफे गावानं तुडवले. म्हातारीनं मास्तरांना पेज आणून दिली, वर दोन दाणे टाकून. मास्तरांनी एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. म्हणाले, थांबा जरा. चव विसरलो होतो."

तावडेबाई शिक्षिकाच, एक प्रश्न राहिलाच होता. "आणि तो शिपाई, आजोबा? त्याचं काय झालं?"

"कोण, तो? पळाला. फौजदार पुन्हा मार म्हणाले तसा घाबरला आणि काठी टाकून खाजणातून पळत सुटला. भित्रा होता. मेला असेल माणदेशात कुठेतरी."

"गेनू."

गोमीबायनं मला नावानं हाक मारली. चारचौघांत ती मला नावानं हाक मारत नाही.

"पन्नास वर्सं ऐकतंय मी," ती म्हणाली. "मूठ तुजी सांगतोस, सांग. फौजदाराला तुडवायला लावला तो पन तूच, बरा. माजा काय जातंय त्याच्यात, माजी बोटा कवाच जुलली. पन त्या पोराला भित्रा बोललास तर मी ऐकून घेनार नाय."

"गोमीबाय, गोष्ट आहे, जाऊ दे ना."

"नाय जाऊ द्यायची." ती तावडेबाईंकडे वळली. "बाय, तो पलाला नाय. साहेब पुन्ना मार बोलला, तवा त्यानी काठी चिखलात ठेवलान. मंग पट्टा सोडलान, टोपी काढलान, आन माज्या म्होरं चिखलात खाली बसला. साहेब बोंबलतंय, तो उठं नाय. त्याला बघून बाकीचे सात थांबले. ते थांबले म्हनून माजी सासू उतरली. नायतर कोन उतरतंय? दोन वर्सं तुरुंगात होता त्याच्यापायी. सुटला तो घरी नाय गेला. आमच्या दारात येऊन उभा राहिला, मान वर करं नाय, सासऱ्याला बोलला, तुडवायला शिकलोय, आता मीठ धरायला शिकवा." तिनं पिशवी उचलली आणि छत्रीच्या टोकानं मला दाखवलं. "कुटं पलाला? ह्यो काय, तुमच्या शेजारी बसलाय."